नवं काय करायचं ते खातेवहीला विचारा

मार्च संपला की माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या लहान कारखानदारांपैकी निम्मे तरी एकच वाक्य बोलतात. "धंदा तिथल्या तिथे आहे, काहीतरी नवीन करायला पाहिजे." काय नवीन, असं विचारलं की ज्याने नुकतंच जे पाहिलं असेल ते बाहेर येतं. प्रदर्शन फिरून आलेला यंत्राचं नाव घेतो, मुलगा एमबीए करून घरी आलेला असेल तर ॲप निघतं, आणि मेहुण्याचं दुकान पुण्यात असेल तर पॅकिंग बदलायचं ठरलेलं असतं.

एका मसालेवाल्यांनी कर्ज काढून स्वयंचलित पॅकिंग यंत्र घेतलं. तीन दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. उरलेले दोन दिवस यंत्र झाकून ठेवायची वेळ आली, कारण मालाला उठाव तेवढाच होता. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार. यंत्र उत्तमच होतं. पण त्यांचा धंदा पॅकिंगपाशी अडलेलाच नव्हता.

नावीन्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक प्रकार खातेवहीतल्या वेगळ्या रकान्यावर काम करतो. तुमचा कोणता रकाना अडलाय ते आधी शोधा, मग प्रकार निवडा. हे उलटं केलं की वर सांगितलेलं यंत्र येतं.

आधी 'वाढ' कशाला म्हणायचं ते ठरवा

गेल्या तीन वर्षांचे आकडे काढा, पण नुसते रुपयांत नकोत. किलो, नग, लिटर, मीटर, जे तुमचं माप असेल त्यात. उलाढाल दहा टक्क्यांनी वाढली म्हणून पेढे वाटलेले पाहिले आहेत. नंतर कळलं की भावही दहा टक्क्यांनीच वाढवला होता. माल पूर्वीइतकाच गेला होता.

मी चार आकडे कागदावर मांडून घेतो: नगात विक्री किती, एका नगामागे कच्चा माल-मजुरी-वाहतूक वजा जाता उरतात किती, उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते, आणि या वर्षीच्या विक्रीत दोन वर्षांपूर्वी नसलेल्या मालाचा वाटा किती. शेवटचा आकडा बहुतेकांकडे तयार नसतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाचे गट नीट पाडलेले असतील तर एका दुपारचं काम आहे. नसतील तर आठवडा जाईल, पण जाऊ द्या.

प्रकार किती आणि ते वहीत कुठे दिसतात

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी १९११ मध्येच पाच प्रकार सांगितले होते: नवा माल, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, नावीन्य मोजण्यासाठीच्या ओस्लो नियमावलीने २००५ साली चार धरले: उत्पादन, प्रक्रिया, विपणन आणि संघटना. २०१८ च्या आवृत्तीत त्याचे दोनच केले, उत्पादन आणि व्यवसाय-प्रक्रिया. सरकारी पाहणी करणाऱ्याला दोन सोयीचे असतील. मालकाला मात्र चारच बरे, कारण वहीतल्या जागा चार आहेत.

नवा माल विक्रीच्या रकान्यात नवी ओळ घालतो. प्रक्रियेतली सुधारणा खर्चाच्या बाजूला दिसते. विकण्याच्या नव्या पद्धतीने गिऱ्हाइकांची संख्या वाढते, आणि त्याबरोबर बहुतेक वेळा उधारीही. संघटनेतला बदल, म्हणजे काम कोण करतो, कुठे करतो, त्याला पैसे कसे मिळतात, हा सुरुवातीला कुठल्याच रकान्यात दिसत नाही. तो दिसतो पुढच्या वर्षी, मालक आजारी पडून महिनाभर घरी बसला तरी माल वेळेवर गेला, तेव्हा.

अडलंय कुठे? महिनाभर दोन वह्या ठेवा

दहा-दहा रुपयांच्या दोन वह्या आणा. एकीत नाकारलेल्या ऑर्डरी लिहा: कोणी मागितलं, काय मागितलं, का देता आलं नाही. दुसरीत परत आलेला किंवा पडून राहिलेला माल, कारणासकट. ही नोंद मालकाने न करता फोन घेणाऱ्याने आणि गाडी भरणाऱ्याने करायची. मालकाची वही नेहमी मालकाच्या मताची निघते.

महिन्याने वाचा. "वेळेत होणार नाही", "एवढा माल नाही", "भाव परवडत नाही" अशा नोंदी पहिल्या वहीत भरल्या असतील तर दुखणं प्रक्रियेचं आहे. "अमुक प्रकार तुमच्याकडे नाही" हे पुन्हा पुन्हा येत असेल तर उत्पादनाचं. पहिली वही कोरी आणि दुसरी भरलेली असेल तर माल बनतोय पण पोचत नाही किंवा पटत नाही. तिथे विक्रीकडे पाहा. दोन्ही वह्यांत "मालक गावाला गेले होते" किंवा "अमुक कारागीर रजेवर होता" असं सापडलं तर बाकी सगळं ठेवून आधी संघटना.

प्रक्रियेतली बचत आपोआप वाढ होत नाही

या भागावर थोडा वेळ घालवू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे चुकीच्या अपेक्षेने गुंततो. समजा, कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना आहे. महिन्याला २,००० किलो माल, ४०० रुपये किलो. विक्री ८ लाख. किलोमागे बदलता खर्च ३०० रुपये, म्हणजे ६ लाख. भाडं, पगार, हप्ते मिळून स्थिर खर्च दीड लाख. उरले ५०,००० रुपये. (जीएसटी बाजूला ठेवलाय.)

आता मिरची भाजण्याची पद्धत सुधारली, घट कमी झाली आणि खर्च किलोमागे १२ रुपयांनी उतरला. महिन्याला २४,००० वाचले. नफा ७४,००० झाला, जवळजवळ दीडपट. आणि विक्री? ८ लाखच. कंपनी एका किलोनेही वाढली नाही. हे वाईट मुळीच नाही, पण याला वाढ म्हणून बँकेत जाऊ नका.

ही बचत वाढीत बदलायचे रस्ते मोजके आहेत. पहिला म्हणजे भाव उतरवणं. ३८८ रुपये केला तर किलोमागे पुन्हा १०० रुपयेच उरतात, आणि भाव न उतरवता मिळणारे २,२४,००० (२,००० किलो गुणिले ११२ रुपये) हाती यायला २,२४० किलो विकावे लागतात. भाव ३ टक्के उतरवला आणि विक्री १२ टक्के वाढवावी लागली, तेही फक्त बरोबरी साधायला. हा हिशेब केल्याशिवाय भाव उतरवणारे लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरा रस्ता जास्त बरा: वाचलेले २४,००० वेगळ्या खात्यात टाकून त्यातून नव्या मालाची किंवा नव्या गावाची चाचणी करायची. तिसरा तेव्हाच, जेव्हा पहिल्या वहीत नाकारलेल्या ऑर्डरी खरोखर आहेत. मग वाढलेली क्षमता दुसऱ्याच दिवशी विकली जाते.

तिसऱ्या रस्त्याचं ठळक उदाहरण मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. मोतीबिंदूचे रुग्ण रांगेत होतेच. तुटवडा होता शल्यविशारदाच्या वेळेचा. म्हणून रुग्णाची तयारी, तपासणी, पट्ट्या ही कामं प्रशिक्षित सहायकांकडे दिली, शेजारी-शेजारी टेबलं लावली आणि एक शस्त्रक्रिया संपताच डॉक्टर पुढच्या तयार रुग्णाकडे वळतील अशी आखणी केली. पुढे डोळ्यात बसवायची भिंगं महाग पडायला लागली, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतःच बनवायला घेतली. मागणी आधीपासून उभी होती, म्हणून प्रक्रियेतल्या प्रत्येक सुधारणेचं थेट वाढीत रूपांतर झालं. आपल्या मसालेवाल्यांच्या दारात रांग नव्हती, एवढाच फरक.

नव्या मालाला बाजार शिकवावा लागतो

नव्या उत्पादनातून येणारी वाढ सगळ्यात मोठी असू शकते आणि सगळ्यात उशिरा येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर हे आपल्या मातीतलं उदाहरण. आज तो आठवला की सरळ रेषेतलं यश वाटतं. प्रत्यक्षात लोखंडाने जमीन नासते, अशी भीती शेतकऱ्यांत होती, आणि सुरुवातीचे थोडे नांगर खपवायलाच मोठी दमछाक झाली. औंध संस्थानच्या मदतीने कुंडलच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तीही बेळगावातली जागा सोडावी लागली म्हणून.

या गोष्टीतला मला आवडणारा तुकडा पुढचा आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढे मराठी वाचकांनी 'किर्लोस्कर' मासिक म्हणून डोक्यावर घेतलं ते हेच. पण जन्म झाला कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायला. नव्या मालापाठोपाठ विकण्याची नवी रीतही काढावी लागली, हे त्या घराण्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

उलट बाजूही बघा. टाटा नॅनो २००८ च्या जानेवारीत जगासमोर आली तेव्हा अभियांत्रिकी म्हणून तिचं कौतुकच झालं. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख तिला चिकटली आणि पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला दारात स्वस्त गाडी उभी करायची नव्हती. दहा वर्षांत उत्पादन थंडावलं. बजाजचंही असंच दुहेरी आहे: चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, लोकांची आवड मोटारसायकलकडे वळली तेव्हा २००१ मध्ये आलेल्या पल्सरने कंपनी सावरली, आणि चेतक हे नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला लावून परत आणलं.

लहान कारखान्यासाठी यातून नियम काय काढायचा? नव्या मालाच्या अंदाजपत्रकात माल बनवायला जेवढी रक्कम धरली असेल, निदान तेवढीच तो समजावून सांगायला धरा. नमुने, प्रात्यक्षिकं, दुकानदाराला बदलून द्यायचा माल. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. पण ज्यांनी दुसरी रक्कम शून्य धरली त्यांच्या गोदामात मी नवा माल जुना होताना पाहिलाय.

विकण्याची नवी पद्धत: पुडीचं गणित

चिक शॅम्पूची गोष्ट विक्रीच्या प्रशिक्षणात हमखास सांगितली जाते, पण तिच्यातला हिशेब सहसा कोणी सांगत नाही. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली १५,००० रुपयांवर कडलूरला धंदा सुरू केला. पुडी ही कल्पना त्यांच्या वडिलांची, म्हणजे मालही नवा नव्हता आणि पुडीही. त्यांनी खेड्यांत मुलांचे केस धुऊन दाखवले, आणि कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक फुकट न्या, अशी योजना काढली. लोकांना सवय लागल्यावर ती फक्त चिकच्या रिकाम्या पुड्यांपुरती केली. बाटली न परवडणारं गिऱ्हाईक या मार्गाने पहिल्यांदा बाजारात आलं.

आता आपला मसाला. २० ग्रॅमची पुडी, छापील किंमत १० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून २५ टक्के घेणार. तुमच्या हाती साडेसात. किलोला ५० पुड्या, म्हणजे ३७५ रुपये. पुडीमागे जादा पॅकिंग ६० पैसे धरलं तर किलोला ३० रुपये वाढले. जुना खर्च ३०० धरून एकूण ३३०. उरले ४५. मोठ्या पाकिटात किलोमागे १०० उरत होते.

म्हणून पुडीने नवीन गिऱ्हाईक आणलं तर प्रत्येक किलोला ४५ रुपये फायदा. पण तुमचंच जुनं गिऱ्हाईक पाव किलोचं पाकीट सोडून पुडीवर आलं तर प्रत्येक किलोला ५५ रुपये तोटा. विक्रीच्या आकड्यात दोन्ही सारखेच 'पुडीचा खप' म्हणून दिसतात. म्हणून पुडी काढताना मोठ्या पाकिटाची विक्री त्याच दुकानांत दर आठवड्याला मोजायची. ती घसरायला लागली तर वजन, किंमत किंवा जागा बदला. पुडी हॉटेलच्या टपऱ्या आणि वसतिगृहांजवळ ठेवा, जिथे मोठं पाकीट तसंही जात नव्हतं.

आणि उधारी. मॉलमध्ये माल ठेवायला मिळाला की मालकाची छाती फुगते. महिन्याची निम्मी विक्री, म्हणजे ४ लाख, साठ दिवसांच्या उधारीवर गेली तर ८ लाख रुपये कायम बाहेर. वरच्या उदाहरणातल्या कारखान्याचा तो सोळा महिन्यांचा नफा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, फुकट होते, ती केलेली ठेवा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की काही खरेदी विभागांची भाषा मऊ होते, हा अनुभव आहे.

संघटना: लिज्जत आठवा

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पापड नवा नव्हता, लाटण्याची रीतही आजीचीच. नवी होती ती रचना: कणीक एका जागी भिजवायची, लाटणं प्रत्येकीच्या घरी, लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण. वाढायला मोठी शेड बांधावी लागत नव्हती, आणखी एक घर जोडलं की क्षमता वाढली. पण हे पेललं ते पिठाचं मिश्रण आणि तपासणी केंद्रात ठेवली म्हणून. लाटणं घरोघर दिलंत तरी चवीची किल्ली स्वतःकडे ठेवा. तुमच्याकडे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून करून घ्यायला, काम देताना हीच रेघ आखायची आहे.

आधी कोणतं, मग कोणतं

ॲबरनाथी आणि अटरबॅक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात दाखवलं की उद्योग कोवळा असताना उत्पादनातले बदल जास्त होतात. मालाचं रूप ठरलं की झगडा प्रक्रियेवर येतो. विजेवरच्या सायकली बनवणाऱ्याने आज यंत्रात सगळा पैसा घालणं घाईचं ठरेल, पुढच्या वर्षी बॅटरीचा आकारच बदलू शकतो. शेव-फरसाण बनवणाऱ्याचं उलट. मालाचं रूप केव्हाच ठरलंय, त्याने तेल आणि घट पाहावी.

आणखी एक गोष्ट मन कठोर करून वाचा. ॲलेक्स कोड आणि रेखा राव यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या उच्च तंत्रज्ञानाच्या कंपन्या तपासल्या. सरासरी कंपनीच्या वाढीचा नावीन्याशी संबंध फिका निघाला. वेगाने वाढणाऱ्या मोजक्या कंपन्यांत मात्र तो फार मोठा होता. म्हणजे नावीन्य हा पगार नाही, पेरणी आहे. बहुतेक शेतं साधारण पिकतात, एखादं बंपर येतं. म्हणून एका पेरणीवर घर गहाण टाकायचं नाही.

नव्वद दिवसांची चाचणी

दोन सारखे तालुके घ्या. एकात नवी गोष्ट करा, दुसऱ्यात काहीच बदलू नका. दोन्हीकडचा फरक हाच तुमचा निकाल; नाहीतर लग्नसराईचा खप नव्या पुडीच्या खात्यावर जमा होतो.

छापील रोलची मोठी ऑर्डर देऊ नका. साध्या पाऊचवर स्टिकर लावा, मात्र एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, वजन, किंमत, बॅच आणि तारीख स्टिकरवरही लागतेच. पहिल्या ऑर्डरीला भुलू नका. पहिली ऑर्डर दुकानाची फळी भरते, गिऱ्हाइकाचं मत दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरीत कळतं. म्हणून मोजायचं एवढंच: पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी किती दुकानांनी तिसऱ्यांदा मागितलं.

कागदपत्रं चाचणीच्या आधी. माल दाखवल्यावर पेटंट किंवा डिझाइनचा अर्ज करायला गेलात तर नवेपणाचा हक्क बहुधा गेलेला असतो. पेटंटच्या शुल्कात लघुउद्योगांना ८० टक्के सवलत आहे. डिझाइनला आधी दहा आणि पुढे पाच वर्षं संरक्षण मिळतं. नावाची (ट्रेडमार्कची) नोंदणी ऑनलाइन केली तर लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडतं. मसाल्याच्या पुडीला पेटंट मिळणार नाही, पण नाव मात्र नक्की नोंदवा.

सुरुवात करण्याआधी एका कागदावर थांबायचा आकडा लिहा. उदाहरणार्थ, "नव्वदाव्या दिवशी चाळीसपैकी पंधरा दुकानांनी तिसरी ऑर्डर दिली नसेल तर बंद." तारीख टाका, सही करा, आणि तो कागद स्वतःच्या टेबलात ठेवू नका. हिशेब पाहणाऱ्याकडे द्या, किंवा बायकोकडे. माझ्या कपाटात असे आठ-दहा कागद आहेत. त्यातल्या दोघांनी पंच्याऐंशीव्या दिवशी येऊन आकडा जरा खाली करता येतो का विचारलं. मी चहा मागवला. कागद दिला नाही.